आईच्या माठाचं फडकं

"शून्याच्या वर दोन अंश. पाणी उडवलं तर नुसता चिखल होईल," स्कीचे प्रशिक्षक पंवारजी म्हणाले. हिमालयातल्या त्या उतारावर महिनाभर बर्फ पडला नव्हता. उद्याची स्पर्धाही रद्द झाली, तर त्यांच्या गावातल्या मुली सलग तिसऱ्या वर्षी घरी बसणार होत्या.

बर्फ करणारं यंत्र घेऊन मी आले होते, पण ते चालवायची माझी पहिलीच वेळ होती. फुटलेल्या ओठांवरून मी जीभ फिरवली. हवा आमच्या जळगावच्या मे महिन्यासारखी कोरडी होती.

मी रुमाल भिजवून थर्मामीटरला गुंडाळला आणि वाऱ्यात धरला. पारा उणे तीनवर उतरला.

"ओल्या रुमालाने हवा गार होते का?" पंवारजी वैतागले.

"हवा नाही, पाणी. कोरड्या हवेत ते सुकता सुकता गार होतं. आई माठाला असंच ओलं फडकं गुंडाळते. यंत्रातला थेंबही उडता उडता गोठेल. फवाऱ्यात बाही धरा. ओली झाली तर मी हरले."

यंत्र घोंघावलं. पंवारजींनी बाही झटकली. पांढरी पूड उडाली. खात्री होईना म्हणून त्यांनी दुसरीही बाही धरली.

मग मुलींना फोन लावता लावता ते माझ्याकडे वळले. "आईंना माझा नमस्कार सांगा."