रंगाचे दोन हात

घराची किंमत ठरवायला बँकेने पाठवलेला व्हॅल्युअर मोजपट्टी गुंडाळत आतल्या खोलीत आला, तसा घर घेऊ पाहणाऱ्या जोडप्यातला नवरा लगबगीने खिडकीजवळच्या भिंतीपुढे जाऊन उभा राहिला. परवापर्यंत त्या भिंतीवर छतापासून कोपऱ्यापर्यंत ओल होती. घर विकणाऱ्या मालकाने मोठ्या प्रेमाने किल्ली दिली, रंगाचा डबाही दिला, आणि काल या नवराबायकोने सुट्टी टाकून त्या भिंतीला रंगाचे दोन हात मारले. बँकेने घर नापास केलं तर कर्ज मिळणार नाही, हे त्यांचं गणित. असं गिऱ्हाईक मालकाला दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं.

उद्या सकाळी विसार द्यायचा होता. सात वर्षं साठवलेले सगळे पैसे. एकदा दिले की परत मिळणार नव्हते.

व्हॅल्युअरने चार फोटो काढले, वहीत काहीतरी खरडलं, खिडकीतून रस्ता किती रुंद आहे ते पाहिलं. नळ सोडून बघितला नाही. बाथरूममध्ये तर डोकावलाही नाही. वीस मिनिटांत त्याने पेनाला टोपण लावलं.

बायको दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. तपासणी म्हणजे काय, हे ती रोज बघत होती. तिला राहवलं नाही.

"झालं? भिंती वगैरे नाही बघत तुम्ही?"

नवऱ्याने डोळे वटारले. व्हॅल्युअर मागे वळला, भिंतीजवळ आला आणि त्याने वास घेतला.

"हा रंग मालकानं लावला?"

"हो," नवरा म्हणाला.

"आम्ही लावला," बायको म्हणाली. "ओल होती. म्हटलं, तुम्ही नापास कराल."

व्हॅल्युअर आल्यापासून पहिल्यांदाच हसला. "अहो ताई, उद्या तुमचे हप्ते थकले, तर हे घर विकून बँकेचे पैसे सुटतील का, एवढंच मी बघतो. रस्ता मोठा आहे, जागा मोक्याची आहे. सुटतील. तुमचं कर्ज होऊन जाईल."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "बघ, मी म्हणत नव्हतो? बँक एवढे पैसे घालतेय म्हणजे घर चांगलंच असणार."

"तसं मी म्हणालो नाही," व्हॅल्युअर म्हणाला.

"मग आमच्यासाठी कोण बघतं?" बायकोने विचारलं.

"तुम्ही कुणाला आणलंत? इंजिनिअर? निदान एखादा गवंडी?"

बायकोने नकारार्थी मान हलवली.

"तुमच्या बाजूनं बोलणारी एक ओल तेवढी होती," व्हॅल्युअर चपला घालत म्हणाला, "तिचंही तोंड तुम्ही बंद केलंत." आणि तो जिना उतरून गेला. त्याला दुपारपर्यंत अजून तीन घरं करायची होती.

नवऱ्याने फोन काढला. "ते काय, बोलायचं म्हणून बोलतात. मालकाला कळवून टाकतो, उद्या सकाळी पैसे घेऊन येतो म्हणून."

बायकोला स्वतःची लाज वाटत होती. काल ब्रश धुताना तिने हौसेने भिंतीचा फोटोसुद्धा काढला होता. तिने नवऱ्याच्या हातातली घराची किल्ली घेतली आणि खिडकीच्या खाली, तिनेच रंगवलेल्या जागी, टोक लावून खरवडलं.

"अगं, काय करतेस? अजून वाळला नाही तो."

रंगाचा पापुद्रा निघाला. त्याच्यामागून गिलावा निघाला, मऊ, ओला. तिने किल्ली जराशी दाबली. ती छल्ल्यापर्यंत आत गेली.

नवऱ्याच्या हातातला फोन लागला होता. "हॅलो," पलीकडून मालक विचारत होता, "झालं ना काम?"