विडीवाल्या बायकांचं सभागृह

जेसीबी फाटकाशी येऊन थांबला, तेव्हा पायरीवर नरसम्मा एकटीच बसली होती. विडी कामगार बायकांनी ऐंशी वर्षांपूर्वी वर्गणी काढून बांधलेलं हे सभागृह महापालिका आज पाडणार होती. वकीलबाई स्थगितीसाठी कोर्टात गेल्या होत्या आणि त्यांचा फोन लागत नव्हता.

“बाजूला व्हा, मावशी. दहाला सुरुवात करायची आहे,” ड्रायव्हर म्हणाला.

“अर्धा तास थांब की बाबा. कागद येतोय.”

“मी थांबलो तर साहेब दुसऱ्याला बसवतील.”

इथेच नरसम्मा सही करायला शिकली होती.

ड्रायव्हर रस्त्याकडे बघत हळूच म्हणाला, “आत माणसं असली की मशिन चालवता येत नाही.”

ती गल्लीत धावली आणि दारं ठोठावत सुटली. दहाच्या आत तेवीस बायका मांडीवर सुपं घेऊन सभागृहात विड्या वळायला बसल्या. साहेब आले, ओरडले, पोलिसांना आणतो म्हणाले. कुणी उठलं नाही.

एक वाजता वकीलबाईंचा फोन आला. स्थगिती मिळाली होती, फक्त तीन आठवड्यांची.

“तरी उद्या इथंच बसायचं,” नरसम्माच्या शेजारी बसलेली बाई म्हणाली आणि तिने विडीला दोरा गुंडाळला.