वितोल्डची परीक्षा

“सूट, टाय? पार्टीला निघालात की काय?” उर्वीने इंग्रजीत विचारलं.

“परीक्षेला,” वितोल्ड म्हणाला.

इंग्लंडमधल्या श्रूजबरीच्या त्या वृद्धाश्रमात शंभरी ओलांडलेला तो एकटाच. पायांत जोर नव्हता, पण बॅटरीवरची चाकांची खुर्ची हाताजवळच्या दांडीने स्वतः चालवत तो रोज बागेत जायचा. मागच्या आठवड्यात ती दारावर आदळली. आज कॉरिडॉरमधल्या लाल पट्टीपाशी थांबवता आली, तर खुर्ची त्याची. नाही तर वरचा, तिसरा मजला, स्मृतिभ्रंश झालेल्यांचा. तिथल्या दारांना कुलपं असतात.

उर्वी तिथली थेरपिस्ट. वितोल्डशी बुद्धिबळ खेळायला येणाऱ्या रिटायर्ड डॉक्टर गिरीशकाकांनी फार गळ घातली, म्हणून तिने ही परीक्षा ठेवली होती.

खुर्ची निघाली. अगदी सरळ. पट्टी जवळ आली.

“स्टॉप!” उर्वी एकदम ओरडली.

वितोल्ड दचकला. त्याने दांडी पुढे ढकलली. खुर्चीने वेग घेतला.

“स्टॉप! स्टॉप!”

त्याने आणखी जोरात ढकलली. खुर्ची भिंतीवर आदळली. नडगी फुटली.

“अगं, दुसऱ्या महायुद्धात हा पोलंडमधून निसटून इंग्लंडला आला, फायटर विमानं उडवायला,” गिरीशकाका मराठीत घाईघाईने म्हणाले. “पोलंडच्या विमानात वेग कमी करायला दांडी पुढे ढकलायची. इंग्रजांच्या विमानात नेमकं उलटं. घाबरला की हात अजून जुनंच करतो. वेड नाही लागलेलं त्याला.”

“आय नो, काका. मला दहा वेळा सांगितलंय त्यांनी.” उर्वी रक्त पुसत होती. “म्हणून तर ओरडले. घाबरल्यावर काय करतात, तेच चेक करायचं होतं. उद्या समोर कुणाची आजी असली तर?”



वितोल्ड दोघांच्या तोंडांकडे पाहत होता. “पास?” त्याने काकांना विचारलं.

काकांनी उर्वीकडे पाहिलं. ती वाकून बॅटरी काढत होती.

“पास,” काका म्हणाले.

वितोल्ड लहान मुलासारखा हसला. उर्वीने खुर्ची ढकलत लिफ्टमध्ये नेली. काका बाहेरच थांबले. दार बंद झालं, लिफ्ट वर निघाली. वितोल्डने पाठ ताठ केली आणि डोळे मिटले.

“किती उंचीवर आहोत?” त्याने विचारलं.

“थर्ड फ्लोअर,” उर्वी म्हणाली.