हातोडीचा आवाज

धान्याच्या सायलोवर, म्हणजे उंच गोल कोठारावर, एका चित्रकाराने सायलोवाल्याचीच धाकटी मुलगी रंगवली. पायापासून कपाळापर्यंत चाळीस हात उंच, हसरी.

"बाबा, मी तुमच्यापेक्षा मोठी झाले!" तिने भाव खाऊन घेतला.

"झालीस खरी, पण खायला तेवढं मागू नकोस," बाप म्हणाला.

सुगीत गाड्यांची रांग लागली. धान्य आत कुठवर चढलं ते कळायला तो नेहमीसारखा शिडीवरून भिंतीवर लाकडी हातोडी मारत होता. भरलेल्या जागी आवाज बद्द येई, रिकाम्या जागी घुमे.

सकाळी बद्द आवाज चित्रातल्या गुडघ्यांशी आला, तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, धाकटीचे गुडघेच हलेनात."

दुपारी बद्द आवाज कमरेशी पोचला आणि घरी डॉक्टर आले. छातीशी पोचला तेव्हा धाकटी स्वतःच फोनवर बोलली. "बाबा, श्वास पुरत नाही हो."

धावत जाऊन त्याने भरणी बंद केली, खालची झडप सताड उघडली. धान्य भसाभसा बाहेर पडू लागलं.

"डोकं फिरलं का तुझं?" गाडीवाले ओरडले.

तो पुन्हा शिडी चढला. चित्रातल्या गळ्यावर हातोडी मारली. बद्द. खाली तर ढीग वाढतच होता.

खिशातल्या फोनमधून बायको रडत होती. "तोंड उघडतेय हो, पण आवाजच फुटत नाही तिला!"

त्याने चित्रातल्या हसऱ्या ओठांवर हातोडी मारली.

आवाज बद्द आला, आणि फोनमध्ये बायको एकदम गप्प झाली.