माचणूरच्या किल्ल्यातला फोटो

चौऱ्याहत्तर साली माचणूरच्या किल्ल्यात बिरप्पा धनगराच्या पोराचं लग्न दिवसभर रमतगमत चाललं. सोलापुरात परतल्यावर फोटोवाल्या सिद्धलिंगप्पाच्या ध्यानात आलं, की कॅमेऱ्याचं मागचं झाकण नीट बसलंच नव्हतं आणि अख्ख्या रोलला उजेड लागला होता.

पण एवढ्यानं घाबरला तर तो फोटोवाला कसला! आदल्या साली त्याच किल्ल्याच्या दरवाजात त्यानं दुसऱ्या एका धनगराचं लग्न टिपलं होतं. नवरा बाशिंगाआड, नवरी मान खाली घालून, मागं चरणारी मेंढरंही तशीच. काळ्यापांढऱ्या फोटोत कोण कुणाला ओळखतंय? त्यानं तोच फोटो मोठा केला, फ्रेमीत घातला आणि बिरप्पाच्या घरी नेऊन दिला.

बिरप्पाच्या बायकोनं, फुलाबाईनं, पदरानं काच पुसली. "सून लई गुणाची दिसती की!" नवरदेवानं आपला रुबाब बघून मिशीला पीळ दिला. नवरी लाजून आत पळाली. सिद्धलिंगप्पाचा जीव भांड्यात पडला.

बिरप्पा मात्र फोटो उन्हात धरून बराच वेळ निरखत राहिला.



"फोटू झ्याक हाय की, अप्पा. पन मागची मेंढरं आमची न्हाईत."