झाकलेली अकरा मिनिटं

नोकरीच्या अर्जाला आता डोक्यातल्या आठवणीच जोडाव्या लागत. नको ती आठवण झाकता येई, पण तिथे पडद्यावर काळा डाग दिसे.

बंदरातली क्रेनचालक हर्षला तांडेलने अकरा मिनिटं झाकली होती. तेव्हा तिच्या चुकीने कंटेनर घसरून सोबतच्या दिगंबरचा पाय गेला होता. मुलाखतीसाठी बसल्या बसल्या तिने ती आठवण तीनदा उघडली, तीनदा झाकली. नाव पुकारलं, तेव्हा मात्र ती उघडीच ठेवून ती आत गेली.

अधिकारी बाईंनी सगळं पाहिलं.

"क्रेन नाही देता येणार," त्या म्हणाल्या. "नव्या चालकांना शिकवाल? प्रत्येक तुकडीला हे दाखवावं लागेल."

हर्षला खुर्चीवरून उठली.

"दाखवीन, मॅडम. पण आधी दिगंबरला विचारून येते. पाय त्याचा गेलाय."