अकरा नंबरचं वजन

विमानातून काढलेल्या वस्तू हँगरच्या जमिनीवर मांडल्या होत्या. मालाच्या जाळ्या सहा, पट्टे एकोणचाळीस, आग विझवायच्या नळकांड्या चार, कुऱ्हाड एक, वैमानिकाच्या खुर्चीखाली सापडलेली बुद्धिबळाची सोंगटी एक. वजन घेणाऱ्या शेन रुइयीने त्या दोनदा मोजल्या. हत्यारं वेगळी मोजली. एकही पाना आत राहिलेला नव्हता. इंधन सकाळीच उपसलं होतं. माल ठेवायच्या वरच्या मजल्यावर तिने विजेरी फिरवून पाहिली. रिकामा.

मग दुरुस्तीच्या टोळीतल्या दाकांगने विमानाच्या पोटाचं दार बाहेरून लावलं, हँगरची दारं ओढली आणि पंखे बंद केले. पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा वजन चुकतं. अकरा नंबरचं विमान तीन जॅकवर उचललं गेलं. एक जॅक नाकाखाली, दोन पंखांखाली, आणि प्रत्येकावर एक काटा.

कंपनीच्या ताफ्यात आता नवी, मोठी मालवाहू विमानं येत होती. जुन्यांपैकी कोणती ठेवायची हे वजनावर ठरणार होतं. रिकामं विमान बत्तीस हजार किलोंच्या वर भरलं, तर ते मोडीत. मागच्या वजनात अकरा नंबर दीडशे किलोंनी जास्त भरलं होतं, आणि त्याला ही एकच संधी दिली होती. विमानंही वयानुसार जड होतात. रंगाचे थर चढतात, फटींत धूळ बसते, आणि भिंतींच्या आत बसवलेल्या उबेच्या गाद्या वर्षानुवर्षं पाणी पितात.

त्या गाद्या टोळीप्रमुख थांग उस्तादांनी काढल्या होत्या. इथे, एझोऊ शहरात, ऊन पडलं की घरोघरच्या रजया बाहेर येतात. उस्तादांनी वसतिगृहामागच्या दोऱ्यांवर, कामगारांच्या रजयांच्या रांगेत, विमानाच्या गाद्या वाळत घातल्या. महिनाभर रोज सकाळी टाकायच्या, दुपारी उलटायच्या, दव पडायच्या आत उचलायच्या.

"उस्ताद, आता त्याला एक पायजमाही शिवा," दाकांग म्हणाला होता.

"शिवतो. आधी तुझा धुऊन आण."

अकरा नंबर मोडीत गेलं, तर उस्तादांची टोळीही मोडणार होती. ते स्वतः मुदतीआधी घरी, दाकांग आणि बाकीचे दोघे वेगवेगळ्या शहरांत. शेवटच्या गाद्या त्यांनी आज जेवणाआधी पोटात बसवल्या. जेवल्यावर नेहमीप्रमाणे ज्याने त्याने जागा शोधून डुलकी काढली. त्यानंतर उस्ताद कुणाला दिसले नव्हते.

"त्यांना बघवणार नाही," दाकांग म्हणाला. कुणी शोधायला गेलं नाही.

रुइयीने तिन्ही काट्यांची बेरीज केली. बत्तीस हजार सत्तेचाळीस.

नियमाप्रमाणे विमान खाली घेतलं, पुन्हा उचललं, पुन्हा बेरीज केली. बत्तीस हजार सत्तेचाळीस.

मुख्य कचेरीतून आलेले फान साहेब प्लास्टिकच्या स्टुलावर बसून डोळे चोळत होते. या आठवड्यात त्यांनी चार ठिकाणी हेच काम केलं होतं.

"सत्तेचाळीसच किलो आहेत, साहेब," दाकांग म्हणाला. "तुमचं नुसतं पोटच तेवढं भरेल."

"माझं पोट विमानात नाहीये," फान साहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

रुइयीने काटे बंद करायला हात पुढे केला. तिची मान आखडली होती. तिला आता फक्त घरी जाऊन पाय गरम पाण्यात घालायचे होते. बटणावर बोट ठेवतानाच तिला दिसलं, की नाकाखालचा आकडा बदलला आहे. तो नऊ किलोंनी चढला होता. पंखांखालचे दोन मिळून नऊ किलोंनी उतरले होते. बेरीज तीच.

"दाकांग, पंखे बंदच आहेत ना?"

"बंदच की."

"मग आत काहीतरी पुढे सरकलंय."

विमान खाली घेऊन दाकांगने पोटाचं दार उघडलं. आत थांग उस्ताद कोपरांवर रेलून पडले होते. गालावर गादीच्या शिवणीचा ठसा उमटला होता.

"झालं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"उस्ताद, तुम्ही इथे काय करताय?"

"डोळा लागला रे. गाद्या उबदार होत्या."

"मग हाक नाही मारायची?"

"जाग आली तेव्हा वजन चाललं होतं. काटे हलतील म्हणून गप्प पडून राहिलो. श्वाससुद्धा बेतानं घेत होतो." त्यांनी रुइयीकडे पाहिलं. "पायात गोळा आला, म्हणून जरासा सरकलो, पोरी. बिघडलं का काही?"

फान साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"त्यांना उतरवा," ते म्हणाले. "पुन्हा घ्या."

दाकांगने हात देऊन उस्तादांना खाली घेतलं. दार लागलं. या वेळी रुइयीने माणसं मोजली. उस्ताद हँगरच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जॅक चढले. काटे डुलले आणि थांबले.

रुइयीने तिन्ही आकडे मिळवले. मग उलट क्रमाने मिळवले.

एकतीस हजार नऊशे ब्याण्णव.